दुर्मीळ आहे, पण विकत कोण घेणार? इलेक्ट्रॉनिक संगीताच्या तबकड्यांविषयी वाचकांचे प्रश्न

जुन्या टेक्नो, हाउस, अँबियंट आणि सिंथेसायझरच्या तबकड्यांची किंमत कशी ठरते, याबद्दल वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे देत आहोत.

प्रश्न : नव्वदच्या दशकातल्या टेक्नो-हाउसच्या दीडशेएक बारा इंची तबकड्या माझ्याकडे आल्या आहेत. डिस्कॉग्जवर (तबकड्यांची नोंद आणि खरेदी-विक्री होते त्या संकेतस्थळावर) एकच तबकडी कुणी ४ युरोला लावली आहे, कुणी ९० युरोला. खरी किंमत कोणती?

बहुधा दोन्ही नाहीत. लावलेली किंमत ही विकणाऱ्याची इच्छा असते. ९० युरोवाली तबकडी तिथे तीन वर्षे पडून असेल आणि ४ युरोवालीवर खोल चरा असेल.

आधी तुमच्या हातात नेमकी कोणती आवृत्ती आहे ते ठरवा. एकाच नावाची मूळ आवृत्ती, दुसऱ्या देशात परवान्याने निघालेली आवृत्ती, दहा वर्षांनी झालेले री-प्रेस, म्हणजे पुन्हा काढलेल्या प्रती, आणि चोरटी नक्कल, या सगळ्यांची पाने वेगवेगळी असतात. नाव टाकून सगळ्यात वर येईल ते पान उघडायचे, या सवयीने भल्याभल्यांचे हिशेब चुकतात. लेबलवरचा कॅटलॉग क्रमांक जुळला पाहिजे आणि रन-आउटमधली, म्हणजे शेवटच्या खाचेपासून लेबलापर्यंतच्या गुळगुळीत पट्टीतली, अक्षरेही जुळली पाहिजेत. नुसता कॅटलॉग क्रमांक पुरत नाही, कारण री-प्रेसवर तो बऱ्याचदा तोच ठेवतात.

आवृत्ती ठरली की विक्रीचा इतिहास उघडा. तिथे किमान, मध्यक आणि कमाल किंमत दिसते. तारखा आणि प्रत्येक विक्रीच्या वेळची तबकडीची अवस्थाही दिसते. समजा, शेवटच्या पाच विक्री २२, २५, २४, ६० आणि २३ युरोच्या आहेत. ६०ची विक्री बाजूला ठेवा. ती प्रत न वाजवलेली असेल, तिच्यासोबत पोस्टर असेल किंवा घेणाऱ्याला घाई असेल. तुमची प्रत बऱ्या अवस्थेत असेल तर २३-२४ ही तिची किंमत. शेवटची विक्री चार वर्षांपूर्वीची असेल, तर त्या आकड्यावर फार विसंबू नका.

मग तीन आकडे शेजारी मांडा : किती जणांकडे ही तबकडी आहे, किती जणांना हवी आहे आणि आज विक्रीला किती प्रती आहेत. ४०० जणांकडे असलेली, ४० जणांना हवी असलेली आणि ३० प्रती विक्रीला असलेली तबकडी कितीही जुनी असो, तिला भाव येत नाही. १५० जणांकडे आहे, ९०० जणांना हवी आहे आणि विक्रीला एकही प्रत नाही, तिथे किंमत तुम्ही ठरवू शकता. मात्र ‘हवी’वर टिचकी मारायला पैसे पडत नाहीत, म्हणून या आकड्याला निम्मेच वजन द्या.

डिस्कॉग्ज २००० साली सुरू झाले ते केवळ इलेक्ट्रॉनिक संगीताची नोंदवही म्हणून. बाकीचे प्रकार नंतर आले. त्यामुळे याच संगीताच्या नोंदी तिथे सर्वांत बारकाईने केलेल्या आहेत. ईबेवरच्या लिलावांचे जुने निकाल पॉपसाइकवर मिळतात. ईबेवर पाहताना एक ध्यानात ठेवा : तडजोडीने विकलेल्या वस्तूसमोर खोडलेली जी किंमत दिसते ती मागितलेली असते, मिळालेली नसते.

हातात किती येतील, तो हिशेब निराळा. डिस्कॉग्ज २०२३ पासून टपालखर्च धरून एकूण रकमेवर ९ टक्के घेते, त्यावर पैसे पाठवणाऱ्या सेवेची कपात. दीडशेपैकी दहा-पंधरा तबकड्यांत एकूण किमतीचा मोठा वाटा असतो. त्या शोधून एकेक विका. उरलेल्या एखाद्या दुकानदाराला एकगठ्ठा द्या. तो स्वतः ज्या भावाने विकणार त्याच्या तिसऱ्या ते निम्म्या हिश्शाइतके पैसे देईल आणि ते रास्तच आहेत, कारण त्यातल्या निम्म्या त्याच्या खोक्यात वर्षानुवर्षे राहणार असतात.

प्रश्न : रन-आउटमधली अक्षरे कशी वाचायची? त्यांवरून मूळ तबकडी आणि नक्कल ओळखता येते का?

बऱ्याच अंशी येते. खोलीतला दिवा बंद करून मोबाइलचा टॉर्च तबकडीच्या पातळीवर, जवळजवळ आडवा धरा आणि तबकडी हळूहळू फिरवा. सरळ वरून प्रकाश टाकला तर काहीच दिसत नाही. फोटोही असाच आडव्या उजेडात काढायचा.

तिथे साधारण चार प्रकारच्या खुणा असतात. पहिली कॅटलॉग क्रमांक आणि बाजू, म्हणजे ‘ए’ किंवा ‘बी’. त्यापुढचा १, २, ३ हा आकडा सहसा कितव्यांदा खाच कोरली ते सांगतो. मात्र ‘ए-२’ असलेली तबकडीही पहिल्याच खेपेची असू शकते, कारण पहिले कोरीव काम पसंत न पडल्याने टाकून दिलेले असते. दुसरी खूण खाच कोरणाऱ्या तंत्रज्ञाची. डेट्रॉइटच्या जुन्या टेक्नो तबकड्यांवर ‘एनएससी’ ही अक्षरे हाताने कोरलेली दिसतात. ती रॉन मर्फी यांच्या नॅशनल साउंड कॉर्पोरेशनची. ब्रिटनमधल्या असंख्य तबकड्यांवर जॉर्ज पेकम यांची ‘अ पोर्की प्राइम कट’ ही सही असते. बर्लिनच्या डबप्लेट्स अँड मास्टरिंगची खूण ‘डी अँड एम’. हा स्टुडिओ १९९५ साली सुरू झाला, म्हणून ‘१९९३ची पहिली आवृत्ती’ असे सांगून कुणी त्याची खूण असलेली तबकडी विकत असेल, तर ते नंतरचे काम आहे. तिसरी खूण कारखान्याची. चौथी म्हणजे मजकूर : विनोद, निरोप, शिव्यासुद्धा. त्या संग्राहकांना फार प्रिय.

नक्कल पकडण्यासाठी अक्षरांचा प्रकार पाहा. मूळ तबकडीवर अक्षरे हाताने कोरलेली असताना तुमच्या प्रतीवर ती यंत्राने ठोकलेली असतील, तर आवृत्ती वेगळी आहे. अक्षरे तीच आहेत, पण हस्ताक्षर वेगळे आहे, असे दिसले तर जवळजवळ खात्रीने नक्कल. डिस्कॉग्जवरचे रन-आउटचे फोटो याचसाठी उपयोगी पडतात. चेक प्रजासत्ताकातल्या जीझेड कारखान्याच्या तबकड्यांवर सहा आकडी क्रमांक आणि त्यापुढे ‘ई१/ए’ धर्तीची अक्षरे असतात. १९९१ची म्हणून दिलेल्या अमेरिकी तबकडीवर ती दिसली, तर ते अलीकडचे काम. ते अधिकृत री-प्रेसही असू शकेल, पण मूळ नव्हे.

लेबल भिंगाखाली धरा. नक्कल करणारे मूळ लेबल स्कॅन करून छापतात. त्यामुळे बारीक अक्षरांच्या कडा फुटतात, एकरंगी पृष्ठभागावर रंगीत ठिपक्यांची जाळी दिसते आणि क्वचित मूळ प्रतीवरचा चराही लेबलसोबत छापून येतो! आवाजाची खूण सर्वांत शेवटी. एमपी३वरून कोरलेल्या तबकडीत १६ किलोहर्ट्झच्या आसपासचा वरचा भाग कापल्यासारखा असतो. तबकडी संगणकात घेऊन स्पेक्ट्रम पाहिला की तिथे सरळ रेष दिसते. दुसऱ्या तबकडीवरून उतरवलेली असेल, तर सुई खाचेत जाण्याआधीच्या शांततेनंतर एकदम वेगळी, ‘आतली’ खरखर सुरू होते.

प्रश्न : व्हाइट लेबल, टेस्ट प्रेसिंग, प्रोमो आणि डबप्लेट, सगळ्यांवर लेबल कोरेच. मग किमतीत एवढा फरक का?

टेस्ट प्रेसिंग म्हणजे साचा तयार झाल्यावर कारखाना तपासणीसाठी काढतो त्या पाच-दहा प्रती. त्यांवर बहुधा कारखान्याचे छापील लेबल असते, त्यावर तारीख आणि क्रमांक हाताने लिहिलेले. रन-आउटमधली अक्षरे बाजारात आलेल्या तबकडीशी तंतोतंत जुळतात, कारण साचा तोच. जुळत नसतील आणि तरी विकणारा टेस्ट प्रेसिंग म्हणत असेल, तर ती न स्वीकारलेली खेप आहे की निव्वळ थाप, हे आधी विचारा.

प्रोमो म्हणजे डीजे आणि रेडिओसाठी काढलेल्या प्रती. शंभर ते काहीशे. व्हाइट लेबल हा शब्द त्याहून मोघम आहे. १९९१ ते १९९३ या काळात ब्रिटनमधल्या हार्डकोर आणि जंगल संगीताच्या छोट्या लेबलांनी (तबकड्या काढणाऱ्या कंपन्यांनाही लेबल म्हणतात) ५०० प्रतींची सबंध खेपच कोऱ्या लेबलाने काढून दुकानांत पोचवली, कारण लेबल छापण्याचे पैसे वाचत होते. तिथे कोरे लेबल हीच नेहमीची आवृत्ती. म्हणून ‘व्हाइट लेबल, अतिदुर्मीळ’ अशा जाहिरातीला भुलू नका. प्रश्न असा विचारा : छापील लेबलाची आवृत्ती निघाली होती का, आणि दोन्हींतली कमी कोणती?

डबप्लेटची जातच वेगळी. ॲल्युमिनियमच्या चकतीवर नायट्रोसेल्युलोजच्या लॅकरचा थर आणि त्यात थेट कोरलेली खाच. एका वेळी एकच प्रत. आकार बहुधा दहा इंची, हाताला जड, बोटाने टिचकी दिली तर धातूसारखी वाजते. मधल्या छिद्राजवळ दुसरे छोटे छिद्र असू शकते. पन्नासेक वेळा वाजवली की वरचे स्वर झिजलेले कळतात. वर्षांनुवर्षे पडून राहिली तर लॅकरमधला एरंडेलाचा अंश विघटित होऊन पृष्ठभागावर पांढरी पावडर येते आणि पुढे थर तडकून सोलतो. अशी तबकडी घेतलीच तर पहिल्याच वेळी नीट सुईने वाजवून ध्वनिमुद्रित करून ठेवा. त्यावर मद्यार्क असलेले कोणतेही द्रावण लावू नका, थर विरघळतो. हल्ली विनाइलवर कोरलेल्या एकेका प्रतीलाही डबप्लेट म्हणतात. ती टिकाऊ असते, पण संग्राहकाच्या लेखी तिचा मान कमी.

टेस्ट प्रेसिंगचे टोकाचे उदाहरण म्हणजे अॅफेक्स ट्विनची ‘कॉस्टिक विंडो’. रेफ्लेक्स लेबलने १९९४ साली ही एलपी काढायची ठरवली आणि मोजक्या टेस्ट प्रेसिंगवरच काम थांबले. २०१४ साली एक प्रत १३,५०० डॉलरना विक्रीला आली. चाहत्यांनी किकस्टार्टरवर वर्गणी काढून ती घेतली, वर्गणीदारांना डिजिटल प्रत मिळाली आणि मग मूळ तबकडीचा ईबेवर लिलाव झाला. ‘माइनक्राफ्ट’चे कर्ते मार्कुस पर्सन यांनी ती ४६,३०० डॉलरना घेतली. म्हणजे संगीत हजारो लोकांच्या हाती गेल्यावर तबकडीची किंमत तिपटीहून वर गेली. संगीत मिळाले की तबकडीचा भाव पडतो, असे मानणाऱ्यांना हे उदाहरण अडचणीचे आहे.

प्रश्न : एखाद्या दुर्मीळ एलपीची नवी आवृत्ती आली की मूळ प्रतीची किंमत कोसळते का?

लोकांना त्या एलपीतून काय हवे होते, त्यावर ते अवलंबून आहे.

काही तबकड्या लोक वाजवण्यासाठी घेतात. डीजेला ते गाणे हवे असते, आवृत्तीशी त्याला देणेघेणे नसते. अशा बारा इंची तबकडीचे चांगले री-प्रेस आले की मूळची किंमत महिन्याभरात निम्म्यावर येऊ शकते. बर्लिनच्या बेसिक चॅनेलच्या तबकड्या याच कारणाने आवाक्यात राहिल्या. १९९३ पासूनचे ते काम किती थोर मानले जाते ते सांगायला नको, पण लेबलने पुनःपुन्हा प्रती काढल्या. मूळ खेप ओळखून जास्त देणारे आहेत, तरी वेडेवाकडे आकडे दिसत नाहीत.

याच्या उलट, कधी नवी आवृत्तीच मागणी तयार करते. मॉर्ट गार्सन यांची ‘मदर अर्थ्‌स प्लँटेशिया’ १९७६ची. मूग सिंथेसायझरवर वाजवलेले, झाडांना ऐकवायचे संगीत. ती लॉस एंजेलिसमधल्या एका रोपांच्या दुकानात खरेदीसोबत, आणि सिअर्समध्ये विशिष्ट गादी घेणाऱ्यांना, फुकट मिळत असे. फुकटची म्हणून फारशी कुणी जपली नाही. २०१९ साली सेक्रेड बोन्स या लेबलने ती पुन्हा काढेपर्यंत इंटरनेटवर तिचे लाखो श्रोते झाले होते. हिरोशी योशिमुरा यांचेही तसेच : ‘म्युझिक फॉर नाइन पोस्ट कार्ड्‌स’ १९८२ची, तिची नवी आवृत्ती २०१७ची, ‘ग्रीन’ १९८६ची, नवी २०२०ची. त्याआधी यूट्यूबने ही नावे जगभर पोचवली होती. अशा वेळी नवी प्रत साधा श्रोता घेतो आणि मूळ जपानी प्रतीच्या मागे आता पूर्वीपेक्षा अधिक संग्राहक लागतात. जपानी प्रतीसोबत कव्हरभोवतीची कागदी पट्टी, म्हणजे ओबी, आणि आतला माहितीचा कागद असेल तर किमतीत मोठा फरक पडतो. ओबी नसलेली प्रत पूर्ण धरत नाहीत.

आपल्याला जवळचे उदाहरण चरणजित सिंग यांचे. ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टु अ डिस्को बीट’ ही एचएमव्हीची १९८२ची एलपी. रोलँडच्या टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ या यंत्रांवर राग वाजवलेले. त्या वेळी ती फारशी खपली नाही. २०१० साली बॉम्बे कनेक्शन या लेबलने ती पुन्हा काढली, आणि शिकागोच्या अॅसिड हाउसच्या पाच वर्षे आधी तोच आवाज निघाला होता, ही गोष्ट जगभर पसरली. मूळ प्रतीची मागणी खरी तिथून सुरू झाली. अशा मूळ प्रती बहुधा चांगल्याच झिजलेल्या मिळतात, म्हणून स्वच्छ वाजणाऱ्या प्रतीचा भाव आणि खरखरणाऱ्या प्रतीचा भाव यांची तुलना करू नका.

तिसरा प्रकार म्हणजे ज्यांची नवी आवृत्ती निघणे अवघड आहे अशा तबकड्या. केएलएफ या ब्रिटिश जोडगोळीची ‘चिल आउट’ १९९०ची. तिच्यात इतरांच्या ध्वनिमुद्रणांचे तुकडे भरपूर. या मंडळींनी १९९२ साली निवृत्ती जाहीर करून आपला सगळा माल बाजारातून काढून घेतला. २०२१ साली त्यांनी ती डिजिटल रूपात आणली तीही तुकडे वगळून, नाव बदलून. अशा तबकडीवर री-इश्यूची टांगती तलवार कमी असते, म्हणून तिचा भाव टिकून राहतो. विकण्याच्या दृष्टीने घेत असाल, तर हक्क कुणाकडे आहेत आणि लेबल अजून चालू आहे का, हे आधी पाहा. हक्क मोकळे आणि मास्टर टेप शाबूत असेल, तर री-इश्यू कधीही येऊ शकते आणि तुम्ही वरच्या भावाला अडकता.

प्रश्न : ‘५०० क्रमांकित प्रती, निळे विनाइल’ असे छापलेल्या नव्या तबकड्या घेऊन ठेवाव्यात का?

ऐकायला आवडत असतील तर जरूर. भाव वाढेल म्हणून नको. छोट्या लेबलची साधी खेपही ३०० ते ५०० प्रतींचीच असते, त्यामुळे त्या आकड्यात विशेष काही नाही. शिवाय सगळेच जपून ठेवतात, म्हणून दहा वर्षांनीही ४८० प्रती नव्यासारख्या असतात. बोर्ड्‌स ऑफ कॅनडाच्या ‘ट्वॉइझम’ची १९९५ची पहिली खेप १०० प्रतींची होती. ती मौल्यवान झाली कारण त्या वेळी त्यांना कुणी ओळखत नव्हते आणि नंतर सगळे ओळखू लागले. २००२ साली वॉर्प लेबलने ती पुन्हा काढली, तरी पहिल्या खेपेचा मान गेला नाही.

प्रश्न : ‘ऑक्सिजेन’, ‘ब्लू मंडे’, ‘स्विच्ड-ऑन बाख’ या तर इतिहास घडवणाऱ्या तबकड्या. मग त्या इतक्या स्वस्त का?

कारण त्या खपल्या. न्यू ऑर्डरची ‘ब्लू मंडे’ ही सर्वाधिक खपलेली बारा इंची सिंगल मानतात. तिच्यात किंमत शोधायची तर १९८३ची, खिडक्या कापलेल्या कव्हरची आणि आत चंदेरी स्लीव्ह असलेली प्रत पाहा; पुढच्या खेपांत खिडक्या कापल्या नाहीत. झाँ-मिशेल झार यांच्या ‘ऑक्सिजेन’ची १९७६ची फ्रेंच दिस्क मोतोर आवृत्ती थोडी वरची, बाकी पॉलिडॉरच्या प्रती कुठेही मिळतात. वेंडी कार्लोस यांची ‘स्विच्ड-ऑन बाख’ १९६८ची. सुरुवातीच्या कव्हरवर बाख बसलेला आहे, नंतरच्यावर उभा. बसलेला शोधा, पण तोही श्रीमंत करणार नाही.

प्रश्न : मग जगातली सर्वांत दुर्मीळ कोणती?

झाँ-मिशेल झार यांची ‘म्युझिक पूर सुपरमार्शे’. एकच प्रत काढली, साचे नष्ट केले आणि जुलै १९८३मध्ये पॅरिसच्या द्रुओ लिलावघरात ती ६९,००० फ्रँकना विकली. रेडिओ लक्झेंबर्गवर एकदा सबंध वाजवली, तेव्हा झार यांनीच श्रोत्यांना चोरून ध्वनिमुद्रण करायला सांगितले. त्यामुळे त्या नावाची जी तबकडी बाजारात दिसेल ती त्या प्रसारणावरून केलेली नक्कल समजा.

प्रश्न : ‘व्हीजी प्लस’ (‘व्हेरी गुड प्लस’ प्रतवारीची) म्हणून घेतलेली तबकडी दिसायला छान आहे, पण गाणे सुरू होताना खस्सकन आवाज येतो. विकणाऱ्याने फसवले का?

फसवले असेलच असे नाही. त्याने बहुधा तबकडी नुसती पाहून प्रतवारी ठरवली. डीजेने वापरलेल्या तबकडीत हा दोष हमखास असतो. गाण्याचा पहिला ठोका शोधायला डीजे सुई टेकवून तबकडी पुढे-मागे हलवतो. त्या दोन-तीन सेंटिमीटरच्या खाचेवरून सुई शेकडो वेळा उलटी घासली जाते, तीही ३ ते ४ ग्रॅम भाराने. बाकी तबकडी कोरी करकरीत आणि सुरुवातीचे काही सेकंद भाजल्यासारखे. याला क्यू बर्न म्हणतात. हा दोष धुऊन जात नाही. वेगळ्या आकाराची, उदाहरणार्थ लंबवर्तुळाकार टोकाची सुई खाचेच्या न झिजलेल्या भागावरून जाते, तेव्हा थोडा कमी ऐकू येतो एवढेच.

म्हणून विकत घेताना तीन गोष्टी विचारा : वाजवून पाहिली का, प्रत्येक गाण्याचे पहिले दहा सेकंद कसे आहेत, आणि मधल्या छिद्राभोवती लेबलवर चकचकीत रेषा किती आहेत. या रेषा तबकडी लावताना यंत्राची मधली खुंटी शोधताना पडतात आणि तबकडी किती वेळा लावली त्याचा अंदाज देतात. तबकडीखाली ठेवायच्या फेल्टच्या चकतीमुळे पडलेले केसासारखे बारीक ओरखडे दिसायला वाईट, पण सहसा वाजत नाहीत. नखाला लागणारा चरा मात्र वाजणारच. ३३ च्या वेगात दर १.८ सेकंदांनी आणि ४५ च्या वेगात दर १.३३ सेकंदांनी टक् असा आवाज आला, तर तो खाचांना आडवा गेलेला चरा. किती वेळा येतो ते मोजून वर्णनात लिहा.

गोल्डमाइन या संग्राहकांच्या नियतकालिकाच्या प्रतवारीत व्हीजी प्लसला निअर मिंटच्या, म्हणजे जवळजवळ नव्या प्रतीच्या, निम्मी आणि व्हीजीला (‘व्हेरी गुड’ला) चौथाई किंमत धरतात. क्लबमध्ये वाजलेल्या तबकड्यांना हे गणित जसेच्या तसे लागू पडत नाही. निअर मिंट प्रत उरलेलीच नसेल, तर चांगल्या व्हीजी प्लसलाच वरचा भाव येतो. कव्हरचेही तसेच, बऱ्याच लेबलांच्या तबकड्या साध्या भोकाच्या कव्हरात येत, ते दुसरे घातले तरी फार बिघडत नाही. लेबलचे स्वतःचे छापील कव्हर असेल तर बिघडते. लेबलवरचा बीपीएमचा (मिनिटाला किती ठोके ते सांगणारा) स्टिकर काढायला जाऊ नका, कागद फाटला की नुकसान अधिक.

शिकागोच्या ट्रॅक्स लेबलच्या जुन्या प्रतींबाबत अपेक्षा आधीच कमी ठेवा. वितळवून पुन्हा वापरलेल्या विनाइलमुळे त्यातल्या अनेक नव्या असतानाही खरखरत. तिथे ‘शांत वाजते’ असे वर्णन खरे असेल, तर ती प्रत दुर्मीळ.

प्रश्न : डेट्रॉइटची एक तबकडी एकाच ठोक्यावर अडकून तेच ते वाजवत राहते. खराब आहे का?

जेफ मिल्स यांची ‘सायकल ३०’ असेल तर ती तशीच आहे. त्यात मुद्दाम बंद वर्तुळाकार खाचा कोरल्या आहेत. ३३⅓ वेगात एक फेरा १.८ सेकंदांचा, त्यात चार ठोके बसवले की १३३ बीपीएम होतात, म्हणून अशा खाचांचा वेग बहुधा तेवढाच ऐकू येतो. त्या काळच्या काही तबकड्या आतून बाहेर वाजतात. सुई लेबलाजवळ ठेवून पाहिल्याशिवाय ‘वाजत नाही’ असे लिहून स्वस्तात विकू नका.

प्रश्न : विकण्याआधी तबकड्या कशा धुवाव्यात? काहींवर धुरकट पट्टे आहेत.

आधी कार्बनच्या धाग्यांच्या ब्रशने कोरडी धूळ काढा. मग ८०० मिली डिस्टिल्ड पाणी, २०० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पृष्ठताण कमी करणाऱ्या द्रावणाचे दोन-तीन थेंब. जास्त थेंब घातले तर खाचेत थर राहतो आणि सुईच्या टोकाला पांढरी घाण चिकटते. मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने फिरवा, लेबल कोरडे ठेवा, नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा धुवा आणि मायक्रोफायबरने टिपा किंवा यंत्राने पाणी ओढून घ्या. नळाचे पाणी नको, त्यातले क्षार खाचेतच वाळतात. पूर्ण वाळल्याशिवाय स्लीव्हमध्ये घालू नका. लॅकरच्या आणि लाखेच्या जुन्या तबकड्यांना हे द्रावण वर्ज्य.

धुरकट पट्टे पीव्हीसीच्या मऊ, जाड प्लास्टिक कव्हरमुळे येतात. त्यातले मऊ करणारे द्रव्य बाहेर येऊन तबकडीच्या पृष्ठभागावर बसते. वरवरचे असेल तर धुऊन कमी होते. आत मुरलेले असेल तर सळसळ कायम राहते आणि ती प्रत व्हीजीच्या वर लिहिता येत नाही. आत पॉलिथिनचे अस्तर असलेली स्लीव्ह आणि बाहेर पॉलिप्रॉपिलिन वापरा, तबकड्या उभ्या ठेवा. मूळ श्रिंक-रॅप घट्ट असेल तर काढा; वर्षांनी ते आकसून तबकडीला बाक आणते.

प्रश्न : सीलबंद प्रत मिळत आहे, दुप्पट भावात. घ्यावी का?

आतली तबकडी वाकडी आहे, मध्य सरकलेला आहे की भलतीच आवृत्ती आहे, यातले काहीही कळणार नाही. शिवाय पुन्हा सील करणे सोपे आहे. आम्ही तरी तेवढ्याच पैशांत वाजवून तपासलेली निअर मिंट प्रत घेऊ.

प्रश्न : परदेशी ग्राहकाला पाठवलेल्या तबकडीने कव्हरची शिवण फाडली आणि त्याने पैसे परत मागितले. पॅकिंगमध्ये काय चुकते?

तबकडी कव्हराच्या आत ठेवून पाठवली असणार. पार्सल आपटले की १२० ते १८० ग्रॅमची तबकडी आतून कव्हरची कड कापते. तबकडी आतल्या स्लीव्हसह बाहेर काढा, रिकाम्या कव्हराच्या मागे ठेवा आणि दोन्ही मिळून बाहेरच्या प्लास्टिकमध्ये घाला. दोन्ही बाजूंना पन्हळी पुठ्ठ्याचे एकेक चौकोन लावा, एकाच्या पन्हळी उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या, म्हणजे कोणत्याही दिशेने वाकत नाही. पुठ्ठे कव्हरापेक्षा थोडे मोठे हवेत, नाहीतर खोक्यात कोपरे दबतात. हलवून पाहा, आत काही सरकत असेल तर कागद भरा. माग काढता येईल अशीच टपालसेवा घ्या, जास्त किमतीच्या तबकडीचा विमा उतरवा, आणि बंद करण्याआधी तबकडीच्या दोन्ही बाजूंचे, रन-आउटचे आणि पॅकिंगचे फोटो काढून ठेवा. तक्रार आली की त्याच फोटोंवर निकाल लागतो.